चाखणीचं ताट

डुक्कर कापायच्या दिवशी बोदोन्यी तिहामेरच्या वाट्याला शेपूट यायचं. ज्याला सुरीतलं काही कळत नाही त्यानं शेपूट धरायचं, ही हंगेरीतल्या केरेकतो गावची रीत. नवा जावई, शहरी पाहुणा, असल्यांचं ते काम. तिहामेर एकसष्ट वर्षांचा झाला, तीन खात्यांचा मंत्री झाला, तरी बहिणीच्या अंगणात त्याच्या हातात शेपूटच.

"घट्ट धर रे मंत्र्या!" खाटीक लोरांद ओरडला. "तुझं बरंय, सुरी कायम दुसऱ्याच्या हातात!"

सगळे हसले. तिहामेरही हसला. हसायचंसुद्धा त्याला आता ओझं व्हायचं.

भूगोलाचा मास्तर, मग नगराध्यक्ष, मग खासदार, मग मंत्री. मक्याच्या शेतात जाऊन संपणाऱ्या रस्त्याची फीत त्यानं कापली होती. ठेकेदाराच्या खर्चानं रानडुकरांच्या शिकारीला गेला होता. दर वेळी पेपरवाल्यांनी धुलाई केली आणि दर वेळी तो एकाच वाक्याच्या आधारानं तरून गेला: "निर्णय नियमानुसार घेण्यात आला." कुणी घेतला, हे त्या वाक्यात कुठंच नसायचं. भलतं सोयीचं वाक्य.

आरोग्यमंत्री झाल्यावर त्यानं शेजारच्या गावातल्या छोट्या इस्पितळाचा रात्रीचा विभाग बंद केला. टीव्हीवर सांगितलं, अँब्युलन्स पंधरा मिनिटांत येईल. गेल्या जानेवारीत बहिणीच्या समोरच्या घरातली रोझालिया, म्हाताऱ्या इग्नात्सची बायको, छातीत कळ येऊन पडली. अँब्युलन्स पन्नास मिनिटांनी आली, तोवर सगळं संपलं होतं. आता सोमवारी संसदेत त्यावर प्रश्न होता, आणि उत्तर तयार होतं. तेच वाक्य.

दुपारी आतड्यात मसाल्याचं मांस ठासून कोल्बास भरून झाले, रक्त भरलेली आतडी, म्हणजे हुर्का, शिजली. त्याची बहीण पिरोश्का हिनं शेजाऱ्यांसाठी चाखणीची ताटं भरली. ज्याच्या घरी डुक्कर कापलं त्यानं शेजारी ताट पाठवायचं आणि शेजाऱ्यानं आपल्या वेळी परत पाठवायचं. पाच ताटं गेली. सहावं तिनं भावापुढं ठेवलं.

"हे इग्नात्सकडं. तू ने."

"ताई, मी कशाला? लोरांद नेईल की."

"नोव्हेंबरात त्यानं डुक्कर कापलं, तिही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला ताट आलं नाही. खिडकीत बसून वाट बघितली मी, वेड्यासारखी." तिनं ताटावर फडकं घातलं. "तू बुडापेष्टला जातोस निघून. मला इथंच राहायचंय, त्याच्या दारासमोर."

तिहामेर ताट घेऊन निघाला. रस्ता ओलांडायला वीस पावलं.

इग्नात्स फाटकाशीच उभा होता, ऐंशीचा, टोपी कपाळावर ओढलेला.

"कोण आलंय? मंत्री, का पिरोश्काचा भाऊ?"

"भाऊ आलोय, इग्नात्सकाका."

"मग भावा, एवढंच सांग. तो विभाग बंद कुणी केला?"

तिहामेरनं तोंड उघडलं आणि जिभेला वळण पडलेलंच बाहेर आलं. "काका, त्या वेळी सगळ्या बाबी विचारात घेऊन निर्णय..."

"घेण्यात आला," म्हाताऱ्यानं पुरं केलं. "पाठ झालंय मला. माझी रोझी पण मरण्यात आली, होय ना?"

तिहामेरला स्वतःची शिसारी आली.

"मी बंद केला," तो म्हणाला. "ताईच्या गावाजवळचं इस्पितळ, हे माहीत होतं मला. तरी सही केली. पंधरा मिनिटांचा आकडा पण माझाच. कुणी मोजला नव्हता."

इग्नात्सनं ताट घेतलं, पण आत नेलं नाही. फाटकाबाहेरच्या बाकावर ठेवलं.

"हे मला सांगून काय उपयोग? मला ठाऊकच होतं. तिथं सांग, जिथं पंधरा मिनिटं सांगितलीस. तोवर ताट बाहेर. थंडी आहे, नासणार नाही."

परतताना तिहामेरनं आपला सचिव कोर्नेल याला फोन लावला.

"सोमवारचं उत्तर बदल. पहिलं वाक्य, विभाग मी बंद केला. दुसरं, पंधरा मिनिटांचा आकडा मी ठोकून दिला."

"साहेब, दारू चढलीय का? मग तिसरं वाक्य राजीनाम्याचं लिहावं लागेल."

"लिही. दमलोय मी कोर्नेल, त्या एका वाक्यानं दमलोय."

सोमवारी संसदेत, टीव्हीच्या कॅमेऱ्यांपुढं, त्यानं तिन्ही वाक्यं वाचली. विरोधकांनी बाकं वाजवली, स्वतःच्या पक्षानं पाठ फिरवली, पेपरांनी नवा मथळा लावला. आपण फार मोठं काही केलं असं त्याला वाटलं नाही. रोझालिया काही उठून येणार नव्हती.

मंगळवारी सकाळी तो ऑफिसातलं सामान खोक्यात भरत होता, तेवढ्यात पिरोश्काचा फोन आला.

"तिही, बाकावर ताट नाहीये."

तो खुर्चीत बसला. "मांजरानं खाल्लं असेल, ताई. तू आशा लावून बसू नकोस."

"अरे मास्तरा," ती म्हणाली. ती रडत होती की हसत होती, कळेना. "मांजर कोल्बास खातं. ताट नाही खात."