डब्याची सहा तोंडं

आमच्या वन्संचं आणि वाऱ्याचं बिनसलं त्याला सहा वर्षं झाली होती. एके सकाळी त्या चूळ भरायला उठल्या, तर पाणी ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून आपोआप गळायला लागलं. अर्धा चेहरा लुळा पडला होता. गोळ्या आणि व्यायामाने तीन महिन्यांत तो बराचसा जागेवर आला. पण डॉक्टर जाता जाता म्हणाले, "कानावर थेट गार वारा घेऊ नका," आणि वन्संनी गोळ्यांपेक्षा ते वाक्यच जास्त मनावर घेतलं. तेव्हापासून कानाला रुमाल, पंख्याकडे पाठ, आणि एसी असेल तिथे पाऊल टाकायचं नाही.

त्यांची लेक दोन दिवसांच्या वाटेवर राहते. तिला मुलगी झाली. आठ महिने झाले तरी आजीने नात पाहिली ती फोनच्या काचेत.

"दोन दात आले म्हणे तिला," वन्सं म्हणायच्या. "काचेवर बोट फिरवून काय कळतंय!"

त्याच सुमारास माझ्या मुलाने जुना कॅम्पर ट्रेलर घेतला. गाडीमागे जोडायचं, चाकांवरचं घरच ते. दोन पलंग, एक ओटा, आणि हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढी रुंदी. आम्ही त्याला डबा म्हणू लागलो. मुलगा म्हणाला, "आत्या, वाटेत डब्यात आडवी हो, थांबत थांबत जाऊ, तुला नातीच्या दारात उतरवतो." सगळं जमत होतं, पण वाट उन्हाची. एसीशिवाय डबा म्हणजे भट्टी. आणि एसीचा गार वारा छतातल्या सहा गोल जाळ्यांतून यायचा, त्यातली एक बरोबर वन्संच्या उशीवर. दुसऱ्या पलंगावरही एक होतीच. जाळ्यांची पाती सैल झाली होती, बंद केली तरी शिट्टी मारत वारा सोडायची.

"मी दारापुढेच दोन दुपारी डब्यात झोपून बघते," वन्संनी निकाल दिला. "झोप लागली तर येईन. नाहीतर माझ्यापायी तुमचा खोळंबा नको."

पहिल्या दुपारी त्या कानावर उशी दाबून तासभर जाग्याच राहिल्या. संध्याकाळी लेकीला फोनवर म्हणाल्या, "बघू." त्यांचं 'बघू' मी पन्नास वर्षं ऐकत आले आहे. त्याचा अर्थ 'नाही'.

मी मशीन उघडलं. अडतीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेत मी. आमच्या घरात वस्तू उघडी राहत नाही. रेडिओला खोळ, मिक्सरला खोळ, जुन्या खोळींच्या गठ्ठ्यालाही खोळ. आमचे हे म्हणायचे, "मी एका जागी फार वेळ बसत नाही बुवा, ही माप घेईल." दोन पदरी जाड कापड, मध्ये फोम, कडेला चिकटपट्टी, अशी गोल खोळ मी तासाभरात शिवली. इथेच थांबायला हवं होतं. पण एक झाली की हात शिवशिवतात, आणि मी सहाही शिवल्या. वर कडेला निळी पायपिंग.

शिवताना आमचं पहिलं बिऱ्हाड आठवत होतं. एकच खोली, एकच पंखा, तोही मान न वळवणारा. माझे दिवस भरत आले होते, अंगाची लाही व्हायची. वन्संचं तेव्हा लग्न झालं नव्हतं. त्या रोज पंखा माझ्याकडे करायच्या आणि म्हणायच्या, "मला बाई वाऱ्याने डोकं दुखतं." स्वतः मात्र घामाने निथळायच्या. मला ते कळत होतं आणि मी गप्प बसून वारा घेत होते.

दुसऱ्या दुपारी सहाही खोळी लावल्या. वन्सं खूश झाल्या. "वहिनी, काय शांत वाटतंय गं!" म्हणून त्यांनी रुमालसुद्धा सोडला. अर्ध्या तासाने छतात काहीतरी कण्हायला लागलं. मग यंत्र थडथडलं, गारवा गेला, आणि छतातून बर्फगार पाण्याचा थेंब टप्पकन पडला, नेमका वन्संच्या डाव्या कानात.

त्यांनी उशी काखेत मारली. "झालं. मी काही येत नाही. तुम्ही जा, तिला माझा पापा द्या."

मुलाने फ्रिजवाल्याला बोलावलं. त्याने वर चढून झाकण काढलं, तर आतल्या नळ्यांवर बोटभर बर्फ. खाली उतरून तो माझ्या खोळींकडे बघत राहिला.

"बाई, नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. तुम्ही नाक, तोंड, सगळंच दाबलंत. वारा बाहेर पडेना, मग आत गोठणारच."

"शिवण तरी बरी आहे का?" मी विचारलं.

"शिवण फर्स्ट क्लास! पण सहापैकी एकच बंद करा. बाकी मोकळी सोडा."

बर्फ वितळल्यावर फक्त उशीवरची जाळी बंद ठेवली, पण शेजारच्या जाळीचा वारा तिरका कानाशी येऊ लागला. मी म्हटलं, "वन्सं, शेवटचं एकदा. तुम्ही आडव्या व्हा, हा दोरा कानाजवळ धरा. हलला की सांगा."

"मी काय वाऱ्याचा मीटर आहे?" असं म्हणत त्या आडव्या झाल्या.

दोरा हलत होता. एवढ्यात मला सदऱ्याच्या बगलेतली कळी आठवली. ती जागा बंद करत नाही, हाताला वळायला वाव देते. मी एका खोळीला तशी तिकोनी कळी जोडली, एक बाजू उघडी ठेवून ती शेजारच्या जाळीवर लावली आणि तोंड ओट्याकडे फिरवलं. वारा तिकडे वळला. पूर्ण मोकळा, नुसता दुसरीकडे.

"अजून हलतोय. जरा डावीकडे," वन्सं वैतागून म्हणाल्या. "हां. आता डुगडुगतोय नुसता. थोडं अजून... थांब!"

मी थांबले. दोरा सरळ लोंबत होता. यंत्र घुमत होतं, पण कण्हत नव्हतं. मी स्टुलावरून खाली उतरेपर्यंत दोरा त्यांच्या बोटांतून गळून पडला आणि वन्सं घोरू लागल्या. मुलगा दारातून कुजबुजला, "आई, एसीपेक्षा आत्याचाच आवाज जास्त आहे."

तिसऱ्या दिवशी सकाळी निघालो. गाडीत वन्सं खिडकीशी, मी शेजारी. गाव मागे पडल्यावर त्यांनी काच दोन बोटं खाली केली. मी समोर बघत राहिले, टोकलं तर लगेच वर करतील म्हणून.

"धूळ येते," म्हणत त्यांनी ती वर केलीच. मैलभराने पुन्हा खाली केली, या वेळी चार बोटं, आणि लेकीला फोन लावून म्हणाल्या, "उद्या दुपारी पोचतो. पोरीला झोपवू नकोस, दात बघायचेत."