हत्तीचा डोळा

"आई, सोंड खाली येतेय," सून म्हणाली.

"दिसतंय मला. काडी दे."

सुनेने बांबूची बारीक काडी पुढे केली. सासूने ती केकच्या हत्तीच्या सोंडेतून आरपार घालून डोक्याच्या स्पंजात रोवली, दोन्ही हातांनी. गेल्या वर्षीपर्यंत हे एका हाताने जमायचं. सोंड लटकायची थांबली. साडेअकरा वाजून गेले होते आणि एकपर्यंत सगळे येणार होते.

दरवर्षी वर्षअखेरच्या सुट्टीत सगळं घर तिच्याकडे जमायचं आणि जेवणानंतर प्राण्याच्या आकाराचा केक यायचा. कासव झालं, घुबड झालं, एका वर्षी साळिंदरही झालं होतं. यंदा नातीने हत्ती मागितला होता. केक टेबलावर आला की सगळ्यांसमोर, अगदी शेवटी, आजी चॉकलेट भरलेल्या कागदी कोनाने त्याचा डोळा काढायची. एका झटक्यात. सत्तावीस वर्षं ती दवाखान्याच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढत होती. गल्लीत तिला 'सुईवाली बाई' म्हणत. तिने टोचलेलं कळतसुद्धा नाही, असा लौकिक होता.

तीन महिन्यांपूर्वी तो हात थरथरायला लागला. आधी चमचा हलला, मग सही वाकडी यायला लागली. गेल्या आठवड्यात एका चार वर्षांच्या मुलीला तिने दोनदा टोचलं. दंडाखाली निळा डाग उठला. "हलली ना ती, म्हणून," असं तिने मुलीच्या आईला सांगितलं. आईने मुलीलाच दटावलं. मुलगी हलली नव्हती. पुतळ्यासारखी बसली होती.

"डोळा आत्ताच काढून ठेवू का?" तिने सुनेला विचारलं.

"आत्ता? तुमची नात घर डोक्यावर घेईल."

सून केस विंचरायला आत गेली तशी तिने एक ताटली ओढली आणि कोन दाबून पाहिला. एक डोळा, दोन, दहा. एकही गोल आला नाही. कुणाला शेपूट फुटलं, कुणी नुसताच पसरला.

"वहिनी, ताटलीत माश्या मारून ठेवल्यास का गं?" नणंद पाठीमागे येऊन उभी होती. तिच्या जिभेला हाड नव्हतं, पण नजर तिच्या जिभेहून तेज होती.

"कोनाचं भोक मोठं पडलंय," ती म्हणाली आणि ताटली नळाखाली धरली.

जेवणात तिचं लक्ष नव्हतं. शेवटी मुलाने हत्ती उचलून मधोमध आणून ठेवला. सगळे टेबलाभोवती दाटीवाटीने उभे राहिले. तिने कोन उचलला. हात हत्तीच्या डोक्यावर गेला आणि तिथेच अडला. एक थेंब कानावर पडला.

"हत्ती गेला आणि डोळा राहिला, असं नको व्हायला, वहिनी," नणंद म्हणाली. सगळे हसले.

'टेबल कुणी हलवू नका,' हे शब्द तिच्या ओठांवर आले होते. तेवढ्यात तिला नात दिसली. टेबलाच्या कडेवर हनुवटी टेकून, श्वास रोखून, जराही न हलता ती बघत होती.

तिने कोन खाली ठेवला.

"मला जमणार नाही," ती म्हणाली. "हात थरथरतो माझा. तीन महिने झाले."

नणंदेने साडीचा पदर उगाच सारखा केला.

"माहीत आहे मला," नवरा म्हणाला. "म्हणून तर हल्ली तुझा चहा अर्धाच कप ओततो."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील, म्हणून थांबलो."

तिने त्याच्याकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून खाली बसली.

"मग मी काढू?" नातीने विचारलं. तिने काढलेला डोळा बटणाएवढा झाला आणि जवळजवळ कानातच गेला. हत्ती दचकल्यासारखा दिसायला लागला. मग मात्र सगळे मोकळेपणाने हसले, आजीही.

सुट्टी संपल्यावर पहिल्याच सकाळी ती लॅबच्या साहेबांसमोर उभी राहिली. हाताचं सांगितलं आणि त्या मुलीचंही. डॉक्टरांना दाखवेपर्यंत सुई हातात घ्यायची नाही, असं ठरलं. मग तिने रजिस्टरमधून नंबर शोधून मुलीच्या आईला फोन लावला.

"तुमची मुलगी हलली नव्हती. चूक माझी होती. तिला तेवढं सांगा."

"सांगते," एवढंच म्हणून बाईने फोन ठेवला.

दुपारी एक म्हातारे गृहस्थ आले. हाताची नुसती काडी झालेली. तिच्या हाताखालची नवी मुलगी शीर शोधून घामाघूम झाली, पण सुई टोचायचं धाडस तिला होईना. गृहस्थांनी डोळे मिटून घेतले होते.

सुईवाली बाई उठली, हातमोजा चढवला आणि त्यांच्या कोपराच्या घडीवर दोन बोटं ठेवली. बोटं कापत होती, तरी शीर त्यांना लगेच लागली.

"इथे," ती हळूच म्हणाली, आणि नव्या मुलीची सुई यायच्या आत हात बाजूला घेतला.