दोन दात जास्त

मित्रांनो, माझ्या तबकडीला शहाण्णव दात आहेत, पण मी आजवर कुणाला चावलो नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण गावात माझ्याबद्दल भलतंच बोललं गेलं.

मी टायमर आहे. जुना, उन्हानं पिवळा पडलेला. चिमूरकडच्या एका गावात जंगलाला लागून शेवटचं घर गुणाबाईचं. त्या घराच्या मागच्या भिंतीवर मी सात वर्षांपासून लटकतो आहे. समोर सांदवाडी, म्हणजे वांगी-मिरच्यांची बारकी बाग, आणि तिच्या कुंपणापलीकडे सरळ जंगल. संध्याकाळी सहाला सांदवाडीतला दिवा लावायचा आणि सकाळी सहाला विझवायचा, एवढंच माझं काम. एक दात म्हणजे पाव तास. दाबलेले दात आले की दिवा चालू, उभे दात आले की बंद. यापलीकडची अक्कल मला दिलेली नाही.

कारखान्यात माझ्या पोटात एक चिमुकला सेल बसवला होता. वीज गेली तरी तबकडी फिरत राहावी म्हणून. तो तीन-चार वर्षांत मरतो, हे माझ्या डब्यावर कुठंच लिहिलेलं नव्हतं. डब्यावर एका हसऱ्या बाईचं आणि हिरव्यागार लॉनचं चित्र होतं. मी आलो तेव्हा इथं लॉन नव्हतं. बिबट्यानं नेलेल्या बकरीचं तुटकं दावं होतं. दिव्याचं बटण दाबायचं त्या संध्याकाळी राहून गेलं होतं. म्हणून गुणाबाईनं मला आणलं. वायरमन प्रफुलनं मला भिंतीवर ठोकलं आणि म्हणाला, "आता इसरलं तरी चालते, गुणाबाई."

विसरलेलं चालत नाही, मित्रांनो. पण ते पुढे.

चैतात मोहफुलं गळतात. बाया टोपल्या घेऊन जंगलात जातात. जी आधी पोचते तिची टोपली आधी भरते. पूर्वी या चढाओढीत बाया चार वाजताच निघत. मग शेजारच्या गावातली एक बाई वेचता वेचता वाघानं मारली. वाकलेलं माणूस वाघाला चार पायांचं जनावर वाटतं, असं म्हणतात. त्या दिवशी गुणाबाईनं सगळ्या बायांना माझ्याखाली उभं केलं आणि नियम घातला.

"माह्या सांदवाडीतला दिवा इझल्याशिवाय कोणी जंगलात पाय टाकायचा नाई. माह्या सुनेलेबी हाच कायदा."

बायांनी तो पाळला. रोज पहाटे दहा-बारा जणी टोपल्या पालथ्या घालून त्यांच्यावर बसत आणि दिव्याकडे बघत राहत.

"गुणाबाई, तुह्या दिव्याले झोप लागली का व?" असं बायनाबाई रोज विचारी. ती शेजारीण, जिभेची तिखट.

"तुह्या नवऱ्यासारखा नाई तो. टायमावर उठते."

हसू फुटे, दिवा विझे, बाया निघत. दोन चैत असे गेले. जितक्या गेल्या तितक्या परत आल्या. गुणाबाई एकेक डोकं मोजून घेई आणि मगच चूल पेटवी. तिला जगात दुसरं काही नको होतं.

मग माझा सेल मेला.

आता रागाची गोष्ट सांगतो. आमचा चंद्रपूर जिल्हा स्वतःचा कोळसा जाळून दूरदूरच्या शहरांना उजेड देतो, आणि आमच्या गावात बाभळीची फांदी हलली की वीज जाते. वीज गेली की मी जागीच थांबे. अर्धा तास गेली तर अर्धा तास मागे पडे. माझ्यावरचे आकडे उन्हानं कधीच उडाले होते. त्यामुळे गुणाबाईनं आपली रीत बसवली होती. पीठगिरणीवाल्या देवाजीला हाक मारायची, "किती वेळ गेली रे?" त्याची गिरणी बंद पडत असल्यामुळे त्याला मिनिटं पाठ असत. तो अर्धा तास म्हणाला की दोन दात पुढे, तास म्हणाला की चार.

प्रफुलला सेल बदलायला सांगायचं होतं. "सांगू उद्या." असे उद्या किती गेले, ते मी मोजले नाहीत. मला कालची आठवण ठेवायला दात नाहीत.

त्या दिवशी दुपारी वारा सुटला आणि अर्धा तास वीज गेली. गुणाबाईनं देवाजीला विचारलं, मला दोन दात पुढे केलं आणि ती मोह वाळत घालायला गेली. तासाभरानं तिची सून रंजीता अंगणवाडीतून आली. अर्धा तास वीज गेल्याचं वाटेत देवाजीनं तिलाही सांगितलं होतं. सासू दमली असेल, आपणच करून टाकू, असं तिला वाटलं. तिनंही मला दोन दात पुढे केलं. कुणी कुणाला काही बोललं नाही. दोघींनीही आपापलं काम चोख केलं होतं.

संध्याकाळी दिवा साडेपाचलाच लागला. उन्हात लागलेला दिवा कोण बघतं?

पहाटे साडेपाचला मी तो विझवला.

"आज अंधारच दिसून राह्यला व," बायनाबाई म्हणाली.

"आभाळ आलं असन," गुणाबाई म्हणाली. "दिवा इझला ना? चाला."

पुढचं मी पाहिलेलं नाही. मी भिंतीवर असतो. मी फक्त ऐकलं. एक किंकाळी, मग दहा बायांचा आरडाओरडा, टोपल्या बडवल्याचा आवाज. उजाडलं तेव्हा बाजेवर टाकून बायनाबाईला आणलं. उजवा खांदा फाटला होता. चंद्रपूरच्या दवाखान्यात ती बावीस दिवस राहिली. गावात वाघाच्या पंजाचे ठसे मोजणारे वनखात्याचे लोक आले. "पहाटे जंगलात जाऊ नका," असं सांगून गेले. न जाता काय खायचं, ते सांगायला कुणी आलं नाही.

हल्ला झाला त्याच दुपारी प्रफुल नवा टायमर घेऊन आला. सगळं गाव म्हणत होतं, टायमर बिघडला. त्यानं मला उघडलं, चाकं फिरवून पाहिली, दात मोजले.

"गुणाबाई, सेल मेला हाये, बाकी हा बरोबर हाये. पण अर्धा तास पुढं हाये. कोणी फिरवला?"

"मीनं. दोन दात."

भांडी घासणारी रंजीता थांबली. "आत्याबाई, मीनंबी दोन."

तिनं नळ बंद केला. मग प्रफुल आवाज दाबून म्हणाला, "मी सांगतो ना, खराब निंगाला म्हणून. नवीन लावून देतो. कोणाले कळन?"

माझी भंगारातली जागा पक्की झाली होती. आणि त्या दोघींची सुटकाही.

गुणाबाई म्हणाली, "मंग उद्या त्या नव्यालेबी आमी दोघी फिरवू. काहाडला तसा लाव या जुन्याले. सेल टाक नवा."

बायनाबाई घरी आली त्या दिवशी गुणाबाईनं बायांना पुन्हा माझ्याखाली बोलावलं. "दिवा नाई चुकला. आमी दोघी चुकलो. अन् चाला म्हणणारी मीच होती."

बायनाबाईनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "आभाळ आलं असन म्हणे," एवढं म्हणाली आणि निघून गेली. वर्षभर तिनं या सांदवाडीत पाय ठेवला नाही.

आता माझ्या शेजारी भिंतीवर कोळशाच्या रेघा आहेत. जी मला हात लावेल तिनं रेघ ओढायची आणि ओरडून सांगायचं. नवा सेल असला तरी.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना वेळेवर सेल द्या, उद्यावर ढकलू नका. हात लावलात तर घरात सांगा. आणि आमच्यावर विसंबून डोळे मिटू नका. मी दिवा विझवतो. उजाडणं माझ्या हातात नाही.

यंदाच्या चैतात, पहिल्याच पहाटे बायनाबाई आली. टोपली डाव्या हातात, उजवा हात खांद्यापासून लटकता. तिनं रेघा पाहिल्या. सहाला मी दिवा विझवला. एकही बाई उठली नाही. गुणाबाई बायनाबाईकडे बघत होती.

बायनाबाईनं मान वर करून आभाळ पाहिलं. पाहतच राहिली. उजेडात झाडाचं एकेक पान वेगळं दिसायला लागलं तेव्हा तिनं टोपली गुणाबाईपुढे धरली.

"डोस्क्यावर ठेवून दे. माहा हात वर नाई होत."

गुणाबाईनं ठेवली.

"आता चाला," बायनाबाई म्हणाली.