उपाशीपोटी

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी, अंघोळ उरकून, ज्ञानदेवने खिडकीशी उभं राहून गोळ्यांची पट्टी उघडली. जेवणाआधीची लहान पांढरी गोळी एकच घ्यायची होती. त्याने दोन घेतल्या. आदल्या दोन दिवसांतही तो दोन-दोनच घेत होता आणि कामावरून आल्यावर अर्ध्या भाकरीवर उठत होता. त्याची बायको मंजुषाने डबा बांधून पिशवीत ठेवला.

“तपासणी झाली की लगेच खाऊन घ्या,” ती म्हणाली.

“हाव.”

आतल्या खोलीत त्यांची मुलगी दिव्या अभ्यास करता करता पुस्तकावरच झोपली होती. तिचं इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष होतं. ज्ञानदेवने तिच्या डोक्यावरचा दिवा मालवला आणि जिना उतरला. पाच पस्तीसला पिंपळे गुरवच्या चौकात सकाळपाळीची कंपनीची बस येते आणि कुणासाठी थांबत नाही. नाशिक फाटा, भोसरी, मोशी मागे टाकत ती साडेसहाला चाकणच्या फाटकातून आत शिरते. एकोणीस वर्षांत ज्ञानदेवची ती तीनदा चुकली होती.

अंबाजोगाईहून आलेला हा माणूस प्रेस शॉपमध्ये क्रेन चालवत असे. छताखाली रुळांवर धावणारी क्रेन, तिला टांगलेली काचेची केबिन, केबिनपर्यंत उभी लोखंडी शिडी. पत्र्याला आकार देणारे आठ-आठ टनांचे साचे, ज्यांना तिथे सगळे डाय म्हणतात, तो एका प्रेसवरून उचलून दुसरीकडे बोटभरही न चुकता ठेवत असे. खाली दत्तोबा साखळ्या बांधायचा, शिट्टी मारायचा आणि हाताने खुणा करायचा. दत्तोबा चाकणच्याच जुन्या गावातला. दोघांची जोडी दहा वर्षांची. दिवसाचे आठ तास ते एकमेकांशी हातांनीच बोलत.

चार महिन्यांपूर्वी ज्ञानदेवला वारंवार लघवीला उतरावं लागू लागलं. एका पाळीत सहा-सहा वेळा शिडी. तोवर लाइन खोळंबायची. त्याने पाणी पिणंच सोडलं, तेव्हा घशाला कोरड पडून डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. शेवटी संत तुकाराम नगरातल्या एका दवाखान्यात रक्त दिलं. साखर दोनशे शहाऐंशी. डॉक्टर भले होते. त्यांनी कागदावर काढून समजावलं: ठरल्या वेळी जेवण, ठरल्या वेळी झोप, ठरल्या वेळी गोळी. ज्ञानदेवने विचारलं, दर आठवड्याला पाळी बदलते, मग ठरली वेळ कुठली धरायची? डॉक्टर पेनाला टोपण लावत जमेल तसं करा म्हणाले.

कंपनीत त्याने कुणाला सांगितलं नाही. केबिनमध्ये बसणाऱ्याला साखर चालत नाही. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या शेडमधल्या एका ऑपरेटरला रक्तदाबासाठी खाली उतरवलं, हलकं काम म्हणून गोदामात बसवलं आणि सहा महिन्यांत तो गावी परतला. घरात कमावणारा ज्ञानदेव एकटा. वय एक्कावन्न, अंगात दुसरी विद्या नाही.

वार्षिक तपासणीआधी पन्नाशीचे सगळेच दोन दिवस पोट मारत. शॉपमध्ये त्याला ‘मेडिकलची एकादशी’ असंच नाव होतं. दुप्पट गोळ्या ही ज्ञानदेवची स्वतःची भर.

“काय माऊली, तोंड उतरलंय,” कंपनीच्या दवाखान्यातल्या रांगेत त्या सकाळी दत्तोबा म्हणाला. “एकादशी लईच कडक धरली वाटतं. आमी तर दुप्पट खाऊन आलोय.”

रांगेत मागे उभे असलेले हसले. ज्ञानदेवही हसला. बोट टोचलं, यंत्रावर आकडा आला: ब्याण्णव. नर्सने कागदावर ‘योग्य’चा शिक्का मारला आणि पुढच्याला बोलावलं. आता वर्षभर कुणी विचारणार नव्हतं.

खाण्यासाठी तो कँटीनकडे वळला, एवढ्यात निरोप आला, की तीन नंबरची डाय तुटली आहे, लाइन उभी आहे. डबा खालीच ठेवून तो शिडी चढला.

डाय उचलली तेव्हा हाताला बारीक कंप होता. तो उपासाचा असेल असं त्याने धरलं. मग मानेवरून घाम ओघळू लागला, थंड, उन्हातल्या घामासारखा नव्हेच. खाली दत्तोबाने तळहात वर केला. थांब. ज्ञानदेवला तो तळहात स्वच्छ दिसला, त्याचा अर्थही कळला. पण क्रेनच्या दांड्यावरचा हात दूर कुठे तरी होता, परक्याचा असावा तसा. डाय पुढे जात राहिली. दत्तोबाची शिट्टी तुटक तुटक वाजली आणि बंद पडली. मग ज्ञानदेवची बोटं आपोआप सैल झाली, दांडा जागेवर आला, क्रेन थांबली. खाली एक रिकामी ट्रॉली चेपून पडली होती. दत्तोबा तिच्यापासून हातभर अंतरावर उताणा होता, आणि मग कोपरावर उठून बसला.

शिडीवरून उतरताना ज्ञानदेवचे पाय लटपटत होते. तो घाबरला आहे असं समजून दत्तोबानेच त्याला बाकावर बसवलं आणि आपला चहा त्याच्या तोंडाला लावला. चहा पाकासारखा गोड. पंधरा मिनिटांत हात स्थिर झाले, घाम आटला, दिवे पुन्हा स्वच्छ दिसू लागले. काय झालं होतं ते तेव्हा ज्ञानदेवला कळलं: उपाशीपोटी घेतलेल्या दोन गोळ्यांनी साखर पार खाली नेली होती.

“बिरेक सरकला,” दत्तोबा जमलेल्यांना सांगत होता. त्याने तसं लिहूनही दिलं. देखभालीच्या माणसांनी ब्रेक उघडला, काही सापडलं नाही, तरी नवीन पट्ट्या बसवल्या.

संध्याकाळी मंजुषाने विचारलं. पास झालो, एवढंच तो म्हणाला. तिने देवापुढे साखर ठेवली, आणि मग लक्षात येऊन त्याला न देताच वाटी आत नेली.

दुसऱ्या दिवशी त्याने गोळी एक घेतली, भाकरी खाल्ली, बस पकडली. शिडीच्या तळाशी दत्तोबा साखळ्या तपासत होता.

“दत्तोबा, ब्रेक चांगला व्हता. काल झालं ते मह्या हातानं झालं. मला साखर हाय. चार महिने झाले.”

दत्तोबाने साखळी खाली ठेवली.

“मंग आता कशाला सांगतूस? मी दिलंय की लिहून.”

“खाली तू उभा ऱ्हातोस म्हणून.”

“मला कुठं काय झालंय? धा वरसं तुझ्याच खाली उभा हाय मी. गोळ्या नीट घे, टायमाला खा, झालं. सायबाला सांगू नगंस.”

ज्ञानदेवने त्यावर विचार केला नव्हता असं नाही. रात्रभर त्याने तोच केला होता. नीट घेतली तर गोळी बाधत नाही. पण सोमवारपासून रात्रपाळी होती, त्यानंतर दुपारपाळी. डाय कधी तुटेल ते कुणाच्या हातात नव्हतं, आणि ती तुटली की जेवण मागे राहणार होतं, काल राहिलं तसंच. त्या तळहाताकडे पाहत आपण काहीच करू शकलो नाही, हे त्याला कुणाला समजावून सांगता येत नव्हतं. तो शिडी न चढता ऑफिसात गेला.

शिफ्टचे साहेब रणजीत. वयाने त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण बोलण्यात माणुसकी होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दार लोटलं.

“रिपोर्ट तर क्लिअर आहे तुमचा. कशाला उकरून काढताय, काका?”

“लिहून घ्या साहेब.”

“हलकं काम नाहीये आपल्याकडे, तुम्हाला माहितीये. एकदा लिहिलं की माझ्या हातात काही राहत नाही.”

“माहितीये.”

साहेबांनी कपाळ चोळलं. “बरं, आजची शिफ्ट तरी काढा. तीन डाय बदलायच्यात. बदली माणूस कुठून आणू मी?”

“नाही साहेब.”

आवाज चढला नव्हता. साहेबांनी कागद पुढे सरकवला. ज्ञानदेवने आजाराचं नाव स्वतःच्या अक्षरात लिहिलं, सही केली, तारीख टाकली.

लाइन चाळीस मिनिटं उभी राहिली. तेवढा वेळ तो शिडीपाशीच थांबला. लोक येता-जाता पाहत होते. काहींना कळलं होतं, काहींना नाही. दत्तोबा पलीकडे पाठ करून बसला होता. शेवटी दुसऱ्या शेडमधून बदली ऑपरेटर आला. तिशीचा, घाईत, हातमोजे चढवतच. त्याने नमस्कारासाठी मान हलवली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

“भाऊ,” ज्ञानदेव म्हणाला, “सातव्या खांबापाशी जरा हळू घ्या. तिथं रूळ थोडा बसलाय. कागदावर कुठं लिहिलेलं नाही.”

“सातवा. बरं,” तो म्हणाला आणि वर चढत गेला.

केबिनचं दार लागल्याचा आवाज आल्यावर ज्ञानदेव क्रेनखालची धोक्याची जागा आखणाऱ्या, जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याबाहेर येऊन उभा राहिला.