चौथं दार

तिने खोक्यांची चळत पोटाशी टेकवली, तसा कारखान्याच्या फाटकावरचा पहारेकरी धावतच आला.

"अहो ताई, या अवस्थेत ओझं कसलं उचलता!"

दार त्यानेच उघडलं. पासचं नावही काढलं नाही. दुसरं दार एका इंजिनिअरने आपलं कार्ड लावून उघडलं, तिसरं हिशेबनिसाने पाय अडकवून धरून ठेवलं. सातव्या महिन्याचं पोट म्हणजे चालताबोलता परवाना! तिला आतून हसू फुटत होतं. बाळानेही एक लाथ मारून दाद दिली.

नऊ वर्षं दुसऱ्यांच्या कंपन्यांत संगणकांची राखण केल्यावर तिने स्वतःची सुरक्षा कंपनी काढली होती. दोन खोल्या, हाताखाली तीन मुली. इथला मालक म्हणाला होता, "संगणकाचं मागाहून बघू. आधी चोरासारखं माझ्या केबिनपर्यंत पोचून दाखवा. वर्षभराचं काम तुमचं." ते मिळालं तर ती बाळंतपणात असतानाही कंपनी तगणार होती. नाहीतर टाळंच.

केबिनच्या दाराशी, टेबलामागे, पिकल्या केसांची एक बाई बसली होती.

"पास?"

"गाडीत राहिला हो, मावशी. जरा गरगरतंय..."

"आधी बस बघू." बाईने आपली खुर्ची दिली, फाइलने वारा घातला. "कितवा?"

"सातवा."

"पाणी आणते. पण दार पासाशिवाय उघडायचं नाही हं."

बाई बाजूच्या खोलीत गेली. तिचं कार्ड टेबलावरच राहिलं होतं.

उचललं की काम फत्ते. पण मग अहवालात चूक लिहिली जाणार ती या बाईच्या नावावर. तिचा हात टेबलाच्या कडेपर्यंत गेला. खुर्ची अजून बाईच्या उबेने गरम होती. तिने हात मागे घेतला आणि पोटावर ठेवला.

बाईने पाणी दिलं, मग बिनपासाचं कुणी आलंय म्हणून मालकाला फोन लावला. तो हसतच बाहेर आला.

"हरलात तर!"

"हरले."

"म्हणजे आमचं घर शाबूत आहे."

"कसलं शाबूत, साहेब?" बाई फटकन म्हणाली. "ही पोरगी माझ्या टेबलापर्यंत आलीच कशी?"

मालकाचं हसू विरलं. त्याने मागच्या दारांकडे पाहिलं, मग खोक्यांकडे.

"काय आहे यांत?"

"काही नाही. रिकामी आहेत."

त्याने वरचं खोकं उचलून हलवून पाहिलं. "सोमवारपासून या," एवढंच म्हणाला आणि आत गेला.

तिने कार्ड हळूच बाईकडे सरकवलं.

"मावशी, हे असं टाकून जाऊ नका."

"ते होय? गेल्या वर्षीच बंद पडलंय. खरं इथे, कमरेला. उठताना मुद्दाम ठेवून जाते. कुणाचे हात शिवशिवतात ते त्या खोलीच्या काचेतून दिसतं." बाईने चष्म्यावरून पाहिलं. "तुझे शिवशिवले होते हं. अर्धेच."

ती इतकी हसली की पोट धरून बसावं लागलं.

"निवृत्त कधी होताय?"

"चार महिन्यांनी. का गं?"

"मग माझ्याकडे याल?"

बाईने येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही तिच्यापुढे सरकवली, वर पेन ठेवलं.

"आधी नाव लिही. मग बोलू."