खांद्याची साक्ष

जाताना

मेण्याची दांडी ज्ञानूनं खांद्यावरच्या फडक्याच्या घडीवर नीट बसवली आणि श्वास रोखून तीन पावलं टाकली. चौथ्या पावलाला श्वास सोडला.

"काय म्हनतोय खांदा?" मागच्या दांडीवरून केरबानं विचारलं. पडद्याच्या आत जाणार नाही इतका हळू.

"जड हाय."

"गेल्या शुक्रवारी येताना तर हलकी झालती."

"व्हय. आणि आज परत जड हाय."

मेण्याच्या बाजूनं धोंडुबाई चालत होती. मेण्यातल्या वैनीसाहेबांच्या लग्नात माहेराहून सोबत आलेली बाई. ती उगाचच खोकली आणि पडद्याची गाठ चाचपून पाहिली.

ज्ञानूनं ते पाहिलं.

कागद

भात नाही. भाकरी, चपाती नाही. बटाटा, रताळं, केळं नाही. गूळ, साखर अजिबात नाही. मटण, मासे, अंडी चालतील. मेथी, चाकवत, वांगी चालतील. ताक चालेल, लोणी चालेल.

साहेब डॉक्टरांनी वैनीसाहेबांचा पडद्याबाहेर आलेला हात तेवढा पाहिला, मनगट दाबलं आणि हा कागद लिहून दिला. अंग उतरलं तर मूल होईल, म्हणाले. लग्नाला सात वर्षं झाली होती. आक्कासाहेबांनी, म्हणजे वैनीसाहेबांच्या सासूबाईंनी, कागद वाचून घेतला आणि सांगितलं, दसऱ्यापर्यंत बघू. नाहीतर मुलाला दुसरी बायको करू.

पण अंग उतरतंय हे कळायचं कसं? घराण्याला गोषा. सुनेचं तोंडसुद्धा परक्यानं बघायचं नाही, आणि काटा होता शाहूपुरीच्या पेठेत, गुळाच्या ढेपा जोखायचा. तिथं सुनेला उभं करणार कोण?

म्हणून आक्कासाहेबांनी ज्ञानू भोयाला बोलावलं. वीस वर्षं तो पुढच्या दांडीला होता. शेरभर धान्य जास्त भरलं तरी त्याच्या खांद्याला कळतं, असं अख्खी मंगळवार पेठ म्हणायची. वैनीसाहेब दर शुक्रवारी कसबा बावड्याला माहेरी जात. जाताना किती, येताना किती, एवढंच त्यानं सांगायचं. माहेरी चोरून पुरणपोळी झाली तर येताना खांदा बोलेलच.

येताना

दांडी उचलली आणि चौघांनीही एकमेकांकडे पाहिलं. दोन शेर कमी. अडीच म्हणा.

"म्हायेरात जेवाय घालत न्हाईत काय हिला?" आण्णा पुटपुटला. तो ज्ञानूच्या जोडीला पुढं होता.

"तोंड मीट आणि चाल."

माहेराहून हलकी होऊन येणारी लेक ज्ञानूनं वीस वर्षांत पाहिली नव्हती.

चिकाबाहेर

"बोल."

"जाताना जड, येताना हलकी, आक्कासाहेब. तिसरा शुक्रवार ह्यो."

चिकाच्या, बांबूच्या कामट्यांच्या पडद्यापलीकडे पानाचा डबा मिटल्याचा आवाज आला.

"म्हणजे माहेरी शहाण्यासारखी राहते आणि माझ्या घरात चोरून खाते."

"तसं म्हनलो न्हाय मी."

"तू जड-हलकं सांग. बाकीचं मी बघते. मुदपाकखान्यात चिमणाबाईशिवाय कोण आहे तिला द्यायला?"

ज्ञानूनं पायातल्या धुळीकडे पाहिलं. चिमणाबाई त्याच्या गावची. त्यानं काही म्हणायच्या आत आतून 'जा' असं आलं.

मागच्या दारी

चिमणाबाईची पेटी उघडून झाली होती. जुनी दोन लुगडी, फणी, आणि फडक्यात बांधलेला मुठीएवढा गुळाचा खडा.

"माज्यासाठी ठेवलाता," ती म्हणाली. रडून तिचा आवाज बसला होता. "पान्यासंगं खडा खाती मी दुपारचा. कोण ऐकतंय? पुनवंपातूर ऱ्हा म्हनल्यात, मग चालती हो. ह्या वयात कुटं जाऊ?"

"तू दिलंस का वैनीसाहेबांस्नी काय?"

"न्हाय बाबा. ती पोरगी अंडं आन् मेथी खाऊन दिस काढतीया. भाकरी भाजली की खिडकीपाशी जाऊन बसती, वास नको म्हनून. आन् ज्ञानू, तुला म्हनून सांगती. अंग उतरू दे न्हायतर न्हाय उतरू दे, दुसरी सोयरीक ठरलीया. हिच्या रुखवतातली चांदीची भांडी नव्या सुनंच्या खोलीत मांडायची, असा हुकूम हाय."

ज्ञानू उंबऱ्याशी बसून राहिला. त्यानं खरं तेच सांगितलं होतं. आणि त्या खऱ्यानं ही म्हातारी रस्त्यावर येणार होती. मग ते अडीच शेर कुणाचे?

जाताना

ओढ्याच्या उतारावर केरबाचा पाय सटकला. मेणा मागं कलला आणि आतून आवाज आला. धातूवर धातू आपटल्याचा, जड, भरीव.

धोंडुबाई जोरानं खोकली. फार उशिरा.

"ठेवा खाली," ज्ञानू म्हणाला.

"चला पुढं, कशाला थांबायचं?" धोंडुबाई पडद्यापुढं आडवी झाली.

पण पडद्याची गाठ सुटली होती, आणि आतला हात बाहेर घरंगळणारं काहीतरी ओढून घेत होता. ज्ञानूनं मान फिरवली, पण दिसायचं ते दिसलं होतं. चांदीच्या समईचं बूड. कडेला मोराची नक्षी. लग्नाच्या दिवशी हीच समई मांडीवर घेऊन ती पोरगी या मेण्यातून घरात आली होती. त्या दिवशी चौघं भोई हसले होते, की मेण्यात नवरी बसवलीय का नुसती समईच ठेवलीय.

त्यानं मागं पाहिलं. केरबाच्या जोडीचा भिवा लंगोट सारखा करत होता. केरबा मात्र सरळ त्याच्याकडेच बघत होता. आवाज त्यानंही ऐकला होता. घरातून चांदी जातेय, हे कळलं तर पहिला चाबूक भोयांच्या पाठीवर. केरबाच्या घरी तीन पोरी. तो गप्प का बसेल?

"उचला," ज्ञानू म्हणाला.

चिकाबाहेर

"माजा खांदा चुकला, आक्कासाहेब."

"काय?"

"गळू झालतं खांद्यावर. अंदाज येईनासा झाला. जाताना-येताना सारकंच हाय वजन. चिमणाबाईचा काय दोष न्हाय."



"वीस वर्षांत तुझा खांदा चुकला नाही. आणि आता चुकला?"

"वय झालं."

"गळू दाखव."

त्यानं फडकं काढलं. घट्टा पडलेला खांदा, काळा, गुळगुळीत. आक्कासाहेबांना चिकातून किती दिसलं कोण जाणे.

"चिमणाबाई राहू दे. पण पुढच्या शुक्रवारी तू मागं लाग. पुढं केरबा. मला काय सांगायचं ते तोच सांगेल. नीट सांगितलं तर पुढची दांडी कायमची त्याची."

पेठेत ही बातमी संध्याकाळच्या आत पसरली. ज्ञानूचा खांदा गेला. पारावर कुणी विचारलं, तर तो व्हय म्हणाला.

केरबा त्याच्याशी चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी तो आक्कासाहेबांच्या दारातून बाहेर पडताना ज्ञानूला दिसला.

जाताना

दांडी खांद्यावर आली आणि ज्ञानूच्या पायांनी आपोआप पाऊल लहान टाकलं. जाताना एवढ्या कमी ओझ्याची सवयच राहिली नव्हती. भांडी संपली होती. आज मेण्यात ती एकटी होती, आणि लग्नाच्या दिवसापेक्षा फार तर पासरीभर जास्त.

कागदातलं खरं झालं होतं, अंग उतरलं होतं. ते सांगायला आता कुणी त्याला विचारणार नव्हतं.

त्याची नजर वाटभर केरबाच्या मानेवर होती. केरबानं एकदाही मान वळवली नाही. तीन पावलं श्वास रोखला, चौथ्याला सोडला. शिकला होता.

बावड्याला वैनीसाहेबांचा भाऊ दारात उभा होता. बैल जुंपलेले, गाडीत ट्रंक आणि गोणपाटात बांधलेलं बोचकं. धोंडुबाईनं भोयांना पाणी दिलं.

"मेणा रिकामाच न्यायचा हाय," ती तांब्याकडे बघत म्हणाली. "मिरजंची गाडी दिवं लागायच्या आत सुटती. तवर वाड्यावर कळलं, तर घोडी दौडत येत्याल ठेसनावर."

वैनीसाहेब उतरल्या. चेहरा पदरात. उंबऱ्याशी थांबून त्या म्हणाल्या,

"तुमच्या खांद्याला फार त्रास दिला."

 ज्ञानूनं हात जोडले आणि चोरून केरबाकडे पाहिलं. केरबा तोंड धूत होता.

येताना

पडदे बांधले. केरबा पुढच्या दांडीला गेला.

"उचला."

मेणा कापसागत वर आला. ज्ञानूनं डोळे मिटले. सरळ रस्त्यानं गेलं तर सूर्य वर असतानाच मंगळवार पेठ. चिकाबाहेर केरबा उभा राहील. पुढची दांडी कायमची त्याची होईल.

केरबानं गुडघे वाकवले. पाऊल दाबून टाकलं, ओझं असल्यासारखं, आणि छातीतून लांब श्वास सोडला.

"जड घ्या रं," तो म्हणाला. मागं न बघता.

आण्णानं घेतलं. भिवानं घेतलं. फाट्यावर गावाकडे न वळता केरबा नदीच्या लांबच्या वाटेला लागला. समोरून उसाची गाडी आली, तिच्यावरच्या माणसानं बैल कडेला घेऊन मेण्याला वाट दिली आणि मान खाली घातली.

अर्ध्या वाटेत, पिंपळाखाली, केरबानं खांदा बदलायला सांगितलं. चौघांनी बदलला.