वाटीची बाहेरची बाजू

ताईच्या खुब्यात बसवलेली कृत्रिम सांध्याची वाटी दीड वर्षात सैल झाली, तेव्हा मी आधी डॉक्टरला शिव्या घातल्या आणि मग ती छापणाऱ्या मशीनला. टायटॅनियमच्या भुकटीचा थर, त्यावर लेझर, पुन्हा थर, असं करत आमच्याच शॉपमधलं मशीन ही वाटी घडवतं. तरी मी त्याची गय केली नाही. पॉलिशला नाव ठेवायचा प्रश्नच नव्हता. पॉलिश मी केलं होतं.

मशीनमधून वाटी निघते ती खरखरीत, अंगावर अर्धवट वितळलेले कण घेऊन. आतली बाजू मी गुळगुळीत करतो, कारण तिथे प्लास्टिकचं अस्तर बसतं. बाहेरच्या जाळीतली मोकळी भुकटी फक्त उडवायची, बाकी हात लावायचा नाही. “तिथं हाड धरतं,” असं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती. त्याआधी वीस वर्षं मी नळ चमकवले होते. नळाला कुठलं हाड धरतंय!

काढलेली वाटी तपासणीला शॉपमध्ये परत आली. नवी बसेपर्यंत ताई कुबड्यांवर. मी तपासणीच्या बाईंच्या खोलीत सकाळपासून तीनदा डोकावलो. नाक खुपसायची माझी खोड जुनीच आहे.

“आता आलाच आहात तर बसा,” बाई वैतागून म्हणाल्या.

“सापडला का मशीनचा घोटाळा?”

“तुम्हीच बघा.”

मी मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि बघतच राहिलो. जाळीच्या भोकाभोकांत पांढरट हाड शिरलं होतं. ताईचं हाड! आत वळून, पलीकडून बाहेर येऊन, पुन्हा शेजारच्या भोकात. इतकी वर्षं ज्या खरखरीत बाजूकडे मी तुच्छतेनं बघत होतो, तिथे हाडानं बिऱ्हाड थाटलं होतं. मी लहान मुलासारखा वाटी फिरवत गेलो.

“आणि इथं का नाही?” मीच विचारलं.

वरच्या बाजूला, जिथे शरीराचा सगळा भार येतो, तिथे एक रुंद पट्टा कोरा होता. भोकांची तोंडं बुजलेली, धातू चकचकीत.

“मशीन असं करत नाही,” बाई म्हणाल्या. “कुणीतरी घासलंय. रेघा बघा, सगळ्या उलट्या कललेल्या.”

मी मायक्रोस्कोपवरून डोळा काढला. आमच्या शॉपमध्ये डावखुरा मी एकटाच.

वाटीवर नाव नसतं, नंबर असतो. ताईचा नंबर मला पाठ होता. त्या वेळी आतलं काम झाल्यावर वाटलं, आपल्या ताईची वाटी अशी ओबडधोबड कशी पाठवायची? जेवणाच्या सुट्टीत बाहेरूनही हात फिरवला. चमक आली तसा थांबलो आणि खूश होऊन डबा खाल्ला. तेव्हा बाहेरची बाजू नुसत्या नजरेनं पास व्हायची.

“बाई, हा माझा हात आहे.”

त्यांनी वही पुढे ओढली. “मला अहवालात लिहावं लागेल.”

“लिहा.”

“नवी वाटी उद्या पॉलिशला येईल. मी समोर उभी राहीन. पण तुम्ही करायची की नाही, ते बहिणीला सगळं सांगून विचारून या.”

ताई खुर्चीत बसली होती, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. मी काहीही न लपवता सांगितलं. तिचा चेहरा लाल झाला.

“दीड वर्ष रे! पायरी चढताना जीव जायचा माझा. आणि तू येऊन डॉक्टरांच्या नावानं खडे फोडायचास!”

मी खाली बघत होतो. मला खरंच रडू येत होतं.

“शाळेच्या स्नेहसंमेलनात मी स्टेजवर घसरून आडवी झाले होते, आठवतंय?” ती एकदम म्हणाली. “माझ्या बुटांना पॉलिश कुणी केलं होतं?”

“मी.”

“तळव्यांनासुद्धा.”

तिनं डोळे पुसले. मग हसली, पण अर्धवटच.

“उद्या तूच कर,” ती म्हणाली. “आणि हो, तळवे सोडून.”